समाजाचं हित की सोसायटीचं?

पिंपळे गुरवमध्ये वन बीएचके भाड्याने घ्यायचा असेल, तर आधी स्वतःच्या प्रती वाटाव्या लागतात. एजंटला व्हॉट्सॲपवर आधारच्या दोन्ही बाजूंचे फोटो. घरमालकाला आधार, पॅन, कंपनीचं ओळखपत्र आणि तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप. लिव्ह अँड लायसन्स कराराच्या ऑनलाइन नोंदणीसाठी घरी येणाऱ्या माणसाच्या मशीनवर अंगठा. पोलीस व्हेरिफिकेशनला फोटो, गावाकडचा पत्ता, ओळखीच्या दोघांची नावं आणि नंबर. सोसायटीच्या सेक्रेटरीला हे सगळं पुन्हा एकदा, वर गाडीचा नंबर. शेवटी गेटच्या ॲपमध्ये चेहऱ्याचा फोटो. काळपट आली म्हणून झेरॉक्सवाल्याकडेच राहून गेलेली प्रत मी मोजत नाही.

एवढं करून तुम्ही घरात शिरता तेव्हा किमान सहा ठिकाणी तुमची कुंडली पडलेली असते. ती कधी पुसणार, हे बहुतेक ठिकाणी कोणी सांगत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "अहो, सोसायटीच्या सेफ्टीसाठीच आहे."

मराठीत हा एक गमतीशीर घोटाळा झालाय. इंग्रजीच्या पुस्तकात सोसायटी म्हणजे समाज. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, नवी सांगवी या पट्ट्यात सोसायटी म्हणजे एक इमारत, एक कमिटी आणि एक गेट. त्यामुळे 'व्यक्तीचा खासगीपणा आणि समाजाचं हित यांचा तोल साधायला हवा' असं कोणी गंभीर चेहऱ्याने म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, कुठला समाज? सहकारी सोसायटीत मत फ्लॅटमालकाला असतं, भाडेकरूला नसतं. घरकामाला येणाऱ्या मावशींना नसतं. वॉचमनला नसतं, पार्सल आणणाऱ्या पोराला नसतं. तपासणी मात्र याच चौघांची होते. ज्यांची झडती घ्यायची ते समाजाच्या बाहेर आणि ज्यांच्या हितासाठी घ्यायची ते आत, असा हा तराजू आहे. त्याला तोल म्हणायला माझा आक्षेप आहे.

लगेच कोणीतरी म्हणेल, तुला काय जातंय, तू पुरुष आहेस, रात्री दोन वाजता बायपासवरून निवांत येतोस. हा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. या शहरात कोयते निघतात, रात्रीत रांगेने उभ्या गाड्यांच्या काचा फुटतात. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात बीपीओच्या नाईट शिफ्टला निघालेल्या एका तरुणीला कंपनीच्याच कॅबच्या चालकाने आणि त्याच्या मित्राने गहुंजेजवळ नेऊन बलात्कार करून मारलं. त्यानंतर कॅबमध्ये जीपीएस आले, चालकांची पार्श्वभूमी तपासली जाऊ लागली, रात्रीच्या गाडीत एकट्या बाईसोबत गार्ड असावा असे नियम झाले. यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. गाडी ड्यूटीवर असताना ती कुठे आहे हे कंपनीला दिसतं, ड्यूटी संपली की दिसायची गरज नसते. कशासाठी, किती वेळ आणि कोण पाहणार, ही तिन्ही उत्तरं त्या नियमात सापडतात. चालकाच्या खासगीपणाला थोडी झळ लागते आणि बदल्यात कोणाचा तरी जीव वाचू शकतो. असा व्यवहार मला मान्य आहे.

पण दहा वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत रविवारी एकटी कामावर आलेल्या इंजिनिअर मुलीचा ऑफिसातच खून झाला. गेट होतं, कार्ड होतं, कॅमेरे होते, पहारा होता. अटक झाली ती पहाऱ्यावरच्याच माणसाला. २००७ मध्ये चालक, २०१७ मध्ये गार्ड. दोन्ही वेळा धोका बाहेरच्या अनोळखी माणसाकडून आला नाही, व्यवस्थेने ज्याच्या हातात विश्वास दिला होता त्याच्याकडून आला. त्यातून धडा निघायला हवा होता की पाहणाऱ्यावर कोणाचं लक्ष आहे ते बघा. आपण काढला तो उलटा: आणखी माणसांना आणखी माणसांवर नजर ठेवायला बसवा. माझ्या टीममधली एक मुलगी सोसायटीच्या रजिस्टरमध्ये मोबाइल नंबर म्हणून स्वतःचे शेवटचे दोन आकडे बदलून लिहिते, कारण एकदा खरा लिहिला तेव्हा त्याच रात्री 'हाय डिअर' आला होता. कमिटीच्या दृष्टीने ती खोटी माहिती देणारी. सुरक्षेचा खरा विचार त्या गेटवर त्या क्षणी फक्त तीच करत असते.

हा वाद नवा आहे असं आपल्याला वाटतं, कारण आपण तो ॲपच्या भाषेत ऐकतो. इथून काही किलोमीटरवर चिंचवडगाव आहे, तिथे चापेकरांचा वाडा आहे. शाळेत आपण त्यांची गोष्ट इंग्रज अधिकारी आणि पिस्तूल एवढीच शिकलो. ती मुळात सार्वजनिक सुरक्षितता आणि खासगीपणा यांची गोष्ट आहे.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. तो काल्पनिक नव्हता, माणसं पटापट मरत होती. फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा केला आणि मार्चच्या मध्यावर वॉल्टर रँडच्या प्लेग कमिटीने घरझडती सुरू केली. नऊशेच्या आसपास अधिकारी आणि शिपाई घरोघरी शिरून लपवलेले रोगी शोधत होते. स्वयंपाकघर, देवघर, माजघर, सगळीकडे बूट. संशयितांना छावणीत नेलं, सामान जाळलं. हेतू विचाराल तर चांगला होता, आजच्या कुठल्याही सरकारी जाहिरातीत बसेल असा. परिणाम काय झाला? लोक आजार लपवू लागले, प्रेतं लपवू लागले, शहर सोडून पळू लागले. ज्या माहितीसाठी झडती होती, तीच माहिती झडतीमुळे जमिनीखाली गेली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवलं. म्हणजे शिपाई माणसांच्या अंथरुणात जे शोधत होते, त्याचा मुख्य वाहक घराच्या बिळात होता.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. खुनाचं समर्थन करायला मी हे सांगत नाही. मला त्या वर्षातला दुसराच एक प्रसंग जास्त छळतो. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी शिपायांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांचे आरोप तिथे मांडले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. साक्ष द्यायला कोणी पुढे येईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. आरोप खरे होते की ऐकीव, हे त्यानंतर सिद्ध व्हायचा मार्गच उरला नाही. खासगीपणावरच्या हल्ल्याची हीच खुबी आहे. तो झाला हे सिद्ध करायला जे झाकायचं तेच चारचौघांत उघडं करावं लागतं. आजही ज्या मुलीचा फ्लॅटमध्ये येण्याजाण्याचा हिशोब सेक्रेटरी तिच्या आईवडिलांना फोनवर देतो, ती तक्रार करत नाही. आकडेवारीत म्हणून असा त्रास दिसतच नाही, आणि मग विचारलं जातं, 'आजवर कोणाला काय प्रॉब्लेम झालाय?'

आणि त्याच आठवड्यात, १० मार्च १८९७ ला, याच शहराच्या कडेला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात त्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं आणि संसर्ग झाला. साथ एकच होती. एकीकडे रोगी पकडायला लोक घरात शिरत होते, दुसरीकडे रोग्याला आपणहून यावंसं वाटेल अशी जागा होती. सार्वजनिक आरोग्य हे दुसऱ्या प्रकारानेही करता येतं, हे पुण्याला तेव्हाच माहीत होतं.

रँडच्या पाठीशी असलेला १८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्ये कपाटातून पुन्हा बाहेर आला. महाराष्ट्रात क्वारंटाइन केलेल्यांच्या हातावर न पुसल्या जाणाऱ्या शाईचे शिक्के मारले गेले, आणि असे शिक्के दिसलेल्या प्रवाशांना रेल्वेतून उतरवलं गेलं. शिक्क्याचा हेतूही चांगलाच होता.

आता कायद्याचं बोलू, कारण 'खासगीपणा वगैरे पाश्चात्त्यांचे लाड' असं म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपवर आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, पुट्टस्वामी खटल्यात, एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मुख्य निकालपत्रांपैकी एक न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. त्यात त्यांनी आणीबाणीतल्या ज्या निकालाला चुकीचं ठरवलं, तो देणाऱ्यांत त्यांचे वडील होते. (चंद्रचूडांचं मूळ गाव कनेरसर, म्हणजे आपल्या चाकणच्याच खेड तालुक्यातलं. पाश्चात्त्य देश फारच जवळ आलाय म्हणायचा.) हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात आहे. पण सरकारला त्यावर मर्यादा घालायची तर आधी कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय त्या हेतूच्या मापाचा हवा.

याला दात आहेत हे मुंबई उच्च न्यायालयाने दाखवलं. लाचखोरीच्या एका प्रकरणात सीबीआयने एका व्यावसायिकाचे फोन टॅप केले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. तार कायद्यात टॅपिंगसाठी 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' लागते, आणि एका माणसाने दुसऱ्याला लाच दिल्याच्या संशयात यातलं काहीही नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. लाच देणं चांगलं असं कोणी म्हणत नव्हतं. 'सार्वजनिक सुरक्षितता' या शब्दांना काही वजन आहे, ते कुठल्याही अर्जावर शिक्क्यासारखे मारता येत नाहीत, एवढंच.

आता हे माप भाडेकरूंच्या फॉर्मला लावून बघा. भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्या, असे आदेश मुंबईसारख्या शहरांत पोलीस आयुक्त काढतात ते जुन्या १४४ आणि आताच्या १६३ कलमाखाली. हे कलम तातडीच्या धोक्यासाठी आहे, म्हणून त्याखालचा आयुक्तांचा आदेश दोन महिन्यांहून जास्त टिकत नाही. मग काय करतात? दोन महिने संपले की नवा काढतात. वर्षानुवर्षं चालणारी तातडी हा आपल्याकडचा खास शोध आहे. आणि आयुक्तांच्या आदेशात सेक्रेटरीने आधारची झेरॉक्स कपाटात ठेवावी असं नसतं, बॅचलर आहे की फॅमिली, नॉनव्हेज खाता का, आडनाव काय, असं विचारावं असंही नसतं. ते सगळं सुरक्षिततेच्या रांगेत मागून घुसवलं जातं. मुसलमान मित्राला घर शोधायला मदत केली असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, फॉर्म भरायच्या आधीच 'दुसऱ्या पार्टीने टोकन दिलंय' कसं होतं ते.

तंत्रज्ञानाच्या बाजूने बघितलं तर यातलं निम्मं अनावश्यक आहे आणि ते बनवणाऱ्या आमच्यासारख्यांना ते चांगलं ठाऊक असतं. सोसायटीला हवं असतं एकच उत्तर: या माणसाची पडताळणी झाली आहे का? हो किंवा नाही. त्यासाठी बारा आकड्यांचा आधार क्रमांक लागत नाही. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्याच साइटवर मिळतं. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने 'आधारच्या झेरॉक्स वाटू नका, मास्क्ड वापरा' असं पत्रक काढलं होतं. दोन दिवसांत केंद्र सरकारने ते मागे घेतलं, गैरसमज होईल म्हणून. लोकांना एकदाच बरोबर समज होणार होती.

आणि चेहरा ओळखणारे कॅमेरे. यावर जरा थांबतो, कारण '९९ टक्के अचूक' या शब्दांवर माणसं फार लवकर भाळतात. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. आता ती बरीच वाढली आहे, पण तोच आकडा धरू. समजा शहरात पोलिसांना हवे असलेले १०० जण आहेत आणि एका दिवसात कॅमेऱ्यांनी सगळ्यांचे चेहरे एकेकदा तपासले. शंभरातले ९९ सापडतील. टाळ्या. पण उरलेल्या निरपराध लोकांपैकी एक टक्का, म्हणजे १७ हजारांहून जास्त लोक, त्याच दिवशी गुन्हेगार म्हणून चमकतील. साधारण पावणेदोनशे इशाऱ्यांमागे एक खरा. बारावीच्या प्रॉबॅबिलिटीचं गणित आहे, कॅलक्युलेटरही लागत नाही. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात सांगितलं की ते ८० टक्के जुळणीला जुळणी धरतात.

कॉलेजात याला 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणतात आणि तो तक्त्यातला एक चौकोन असतो. रस्त्यावर तो माणूस असतो. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही जणांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलण्यात आलं आणि मग ते भारतीय आहेत हे कळल्यावर परत आणावं लागलं. यात कॅमेऱ्याचा संबंध नव्हता, माणसांनीच ठरवलं होतं. पण चूक कोणाच्या वाट्याला येते हे त्यातून दिसतं. चाकणच्या कंपनीत कंत्राटी काम करणारा, खोलीत पाच जणांसोबत राहणारा, ज्याचा आधारचा पत्ता एक, करार दुसऱ्याच्या नावावर आणि भाषा तिसरी, तोच पहिला चमकणार. चुकून माझा चेहरा जुळलाच, तर माझ्याकडे कंपनीचं कार्ड आहे, इंग्रजी आहे, दोन वकील मित्र आहेत. मी तासाभरात चहा पिऊन सुटेन. म्हणूनच 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही' हे वाक्य मला निरागस वाटत नाही. त्याचा अर्थ असतो, चूक झाली तर ती माझ्यावर येणार नाही याची मला खात्री आहे.

राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्वल' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनीच काढली आहे. काढू दे. तपास वेगाने व्हावा हे मलाही हवंय. माझं म्हणणं आहे की कुठल्या कॅमेऱ्याचं चित्रण कोणी, कधी, कोणत्या गुन्ह्यासाठी पाहिलं, याची नोंद आपोआप झाली पाहिजे आणि ती पोलिसांच्या बाहेरच्या कोणीतरी तपासली पाहिजे. ठरल्या दिवसांनी डेटा उडाला पाहिजे. हे अवघड नाही. ज्या बँकांसाठी आम्ही हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो, तिथे एका कारकुनाने एका खात्याकडे नुसतं पाहिलं तरी लॉग पडतो.

याउलट देशात जे घडलंय ते बघा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. 'माझा डेटा पुसा' म्हणायचा जो हक्क तुम्हाला मिळणार आहे, तो त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. शिवाय केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला देशाच्या सुरक्षेच्या किंवा सुव्यवस्थेच्या नावाखाली त्यातून सूट देऊ शकतं. पण याच कायद्याचं एक कलम मात्र लगेच लागू झालं: माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(j) बदलणारं. आधी एखाद्या अधिकाऱ्याची वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी जोडलेली असेल तर द्यावी लागे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हटलं की नकार देता येतो. सार्वजनिक हिताचं दुसरं एक कलम शिल्लक आहे, पण त्यासाठी अर्जदाराने भांडत वर जायचं.

तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी आठवतात? एक्स्प्रेसवेच्या आसपासचे जमिनींचे गैरव्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढले. पोलीस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० ला सकाळी भर रस्त्यात त्यांचा खून झाला. या पट्ट्यात समाजाचं हित म्हणून जे काही खरोखर साधलं गेलं, त्यात सातबारा आणि फेरफार उकरणाऱ्या अशा माणसांचा वाटा मोठा आहे. खासगीपणाची ढाल नेमकी त्यांच्यासमोर उभी करायची, आणि भाडेकरूच्या, मावशींच्या, मजुराच्या बाबतीत ती बाजूला ठेवायची, याला मी निर्लज्जपणा म्हणतो. ज्याच्या हातात सत्ता त्याचे कागद उघडे असावेत आणि ज्याच्या हातात काही नाही त्याचं घर झाकलेलं असावं, ही साधी गोष्ट आपण बरोबर उलटी करून ठेवली आहे.

आमच्या सोसायटीत पुढच्या महिन्याच्या सभेत गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र बसवायचा ठराव आहे. कामाला येणाऱ्या बायका आणि भाडेकरू यांना ते सक्तीचं, मालकांना ऐच्छिक. मला मत नाही, म्हणून मी कमिटीला पत्र दिलं. चेहऱ्यांचा डेटा कोणाच्या सर्व्हरवर राहणार, किती दिवस, माणूस सोडून गेल्यावर कोण पुसणार, मालकांना सक्ती का नाही, आणि ज्या मावशी नाही म्हणतील त्यांचं काम जाणार का, असे पाच प्रश्न विचारले. पहिल्या तिघांवर सेक्रेटरी म्हणाले, "व्हेंडरला विचारून सांगतो." चौथ्यावर ते हसले. पाचव्याचं उत्तर अजून आलेलं नाही.